रांजणाखालची जमीन
जुन्या घराची पांढरी माती उकरल्याचा वास आला की मला तो दिवस अजून आठवतो. निजामाच्या राज्यातली गोष्ट. औंढ्याजवळच्या त्या घरात मी नवी सून होते आणि सासऱ्यांसमोर तोंड उघडायची रीत नव्हती. नणंदेच्या लग्नाला जागा हवी म्हणून सासऱ्यांनी दोन खोल्यांमधली भिंत काढायला घेतली. डोक्यावरच्या मातीच्या माळवदाची तुळई त्याच भिंतीवर टेकलेली होती. गवंड्यानं तिला दोन टेकू दिले, त्यातला एक नेमका रांजणाच्या जागेवर. रांजण बाहेर हलवला होता, पण तिथली जमीन आतून ओलीच असते, हे रोज पाणी भरणाऱ्या मला ठाऊक होतं. मी सासूबाईंचा पदर ओढला, तर त्यांनी डोळे वटारले. भिंत निम्मी उतरली, गवंडी माती टाकायला अंगणात गेला, आणि तो टेकू हळूहळू रुतू लागला. तुळई करकरली. सासरे तिच्याखालीच उभे होते. “मामंजी, टेकू खचून राहिला!” मी ओरडले. “कोन वरडलं?” म्हणत ते रागानं माझ्या अंगावर धावून आले, आणि त्यांच्या पाठीमागं माळवद कोसळलं. आता माझी सून आवाज चढवून बोलली की घरातले कपाळाला आठ्या घालतात. मी आधी वर बघते.