नानांचा ळ

नानांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, हाती छापलेला कागद दिला की ते तो आधी पालथा करत, मग डोकं खाली पाय वर असा फिरवून खिडकीच्या उजेडाला धरत. लग्नपत्रिका असो की विजेचं बिल, रीत हीच. बनारसला दुर्गाघाटाच्या गल्लीतल्या छापखान्यात त्यांनी जन्मभर शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले होते, आणि जुळवणाऱ्याला अक्षरं अशीच उलटी दिसतात. मी हसले की म्हणत, "सुलटं तर सगळेच वाचतात, बेटा."

छापखाना बंद झाला तेव्हा खिळे भंगारात गेले. पण त्याच खिळ्यांतून त्यांनी जुळवलेली मराठी स्तोत्रांची पोथी आमच्या मराठी मोहल्ल्यात घरोघरी होती, आणि तिची पानं आता हात लावताच तुटत होती. ती पुन्हा छापायची, पण त्याच अक्षरात, असा नानांनी हट्ट धरला. घाईही होती. काचबिंदूने एक डोळा गेला होता आणि दुसऱ्याचा फारसा भरवसा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

पुस्तकांची पानं संगणकावर लावणं हे माझं काम. त्या जुन्या वळणावरून नव्याने काढलेले तीन फाँट मला इंटरनेटवर मिळाले. कोणीही वापरावेत, हवे तसे बदलावेत, अशी मुभा होती. एकच स्तोत्र तिन्हींत छापून मी नानांपुढे ठेवलं. मला पहिला आवडला होता, नाजूक आणि देखणा. नानांनी तो उजेडाला धरला आणि बाजूला सारला. अक्षर उपाशी आहे म्हणाले. मला रागच आला. दुसरा फाँट कुणीतरी शाई फुटलेल्या पानावरून गिरवला असणार, हे त्यांनी क्षणात ओळखलं. तिसरा कागद मात्र ते खाली ठेवीनात.

"हा ळ माझा आहे," ते म्हणाले.

मला वाटलं, म्हातारपणाचं काहीतरी. त्यांनी पेटीतून पोथी काढली आणि सांगू लागले. बनारसच्या हिंदी छापखान्यात ळ लागतो कुणाला? म्हणून खिळ्यांत ळ मोजकेच असत. त्यातला एक ऐन कामात त्यांच्या हातून फरशीवर पडला आणि उजव्या गोलाची कड उडाली. दुसरा शिल्लक नव्हता, तेव्हा तोच लावला. फाँटवाल्यांनी नेमकं ते पान पाहून अक्षर घेतलं असावं. भिंगातून पाहिलं तर तुटकी कड जशीच्या तशी. पोथीत एखादाच ळ तसा होता, इथे प्रत्येक.

नाना, तुम्ही तर अमर झालात, मी खुशीत म्हटलं. त्यांचं तोंड उतरलं.

"अगं, गलती माझी होती. एका पानावर होती तोवर ठीक. आता सगळी दुनिया तुटका ळ छापणार?"

हा दुरुस्त करता येतो, हे त्यांना पटवायला मला दोन दिवस लागले. मग मी एकच ळ कागदभर मोठा छापून दिला. नाक कागदाला टेकवून, पेन्सिलीने, ती कड भरायला त्यांनी अख्खी सकाळ घेतली, दोनदा खोडली. मी ती रेघ फाँटमध्ये उतरवून मूळ करणाऱ्यांकडे पाठवली. त्यांनी ती ठेवून घेतली आणि श्रेय म्हणून कुणाचं नाव द्यायचं ते विचारलं. नानांनी साफ नकार दिला. खिळे जुळवणाऱ्याचं नाव कधी कुणी छापलं होतं, म्हणाले.

पोथी छापून आली तोवर दुसरा डोळाही गेला होता. नानांनी ती मांडीवर ठेवली.

"सगळे बघितलेस?"

"सगळे बघितले, नाना. एकही तुटका नाही."

त्यांनी मान हलवली आणि पोथी पालथी घातली, नेहमीसारखी.

गेल्या वर्षी नाना गेले; त्यांना मणिकर्णिका घाटावर पोचवलं. त्यांची फार आठवण येते. छापायला पाठवण्याआधी पान कुणाला दाखवावं, हे मला अजून समजत नाही. परवा नागपूरहून नात्यातल्या लग्नाची पत्रिका आली, त्याच अक्षरात. छापणाऱ्याला नाना ठाऊक असण्याचं काही कारण नाही. मी ती पालथी केली, फिरवली, खिडकीशी नेली आणि 'मंगळवार'मधला ळ शोधला. कड भरलेली होती.