पहिल्या खेपेचा रोबो

युनूस बागवान गेल्याचं मला त्याच्या घरून कळलं नाही. जुनी खेळणी जमवणाऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, त्यावर सकाळी त्याचा फोटो आला. सांगलीतल्या दुकानातला, एका हातात जपानी रोबो, दुसऱ्या हातात भिंग. खाली माणसं भराभर लिहीत होती. देवमाणूस गेला... आमचा चाचा गेला... असा निःस्वार्थ जाणकार पुन्हा होणे नाही. साताऱ्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. ते नुकतंच उघडलं होतं आणि मी काउंटर पुसत होतो. वाईट वाटलं असं लिहिणं सोपं आहे, पण ते खरं नाही. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच की, सुटला. ज्या गोष्टीचा जाब त्याने द्यायचा होता, तो न देताच सुटला. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. दफनालाही गेलो नाही.

या पुरवणीसाठी त्याच्याविषयी लिहाल का, असं मला विचारण्यात आलं, कारण एके काळी आमची जोडी सगळ्यांना माहीत होती. मी म्हटलं, लिहीन, पण चांगलं लिहिणार नाही. त्याच्या पत्नीला, मुमताजभाभींना, आधी विचारलं. त्या म्हणाल्या, “जे झालं त्येच लिवा.” म्हणून लिहितो आहे.

आमची ओळख झाली ती सांगलीच्या जुन्या बाजारात. मी मूळचा कुंडलचा. माझे मामा बोटीवर नोकरीला होते आणि मी लहान असताना त्यांनी मला जपानहून एक रोबो आणला होता. ओतीव धातूचा, हातात घेतला की मनगट खाली जावं इतका जड, आणि दंडावरचं बटण दाबलं की मूठ सुटून भिंतीवर आपटायची. संसार, दुकान सगळं झाल्यावरही त्या खेळण्याची ओढ सुटली नाही आणि तसली आणखी कुठे मिळतात का म्हणून मी बाजार धुंडाळायला लागलो. त्या दिवशी एका भंगारवाल्याच्या ढिगातून मी असाच एक रोबो उचलला, तर मागून कुणीतरी म्हणालं, “ठिव खाली. पाय त्याचं न्हाईत.” युनूस माझ्याच वयाचा होता. बापजाद्यांचा फळांचा धंदा, पुढे केळी-संत्र्यांचं दुकान आणि वर माडीवर काचेच्या कपाटात ओळीने रोबो. त्याच्या खेळण्यांना पिकल्या केळ्यांचा वास यायचा. मला तो वास आवडायचा, हेही लिहून टाकतो.

ज्यांना हा नाद नाही त्यांना थोडं सांगावं लागेल. हे रोबो पन्नासेक वर्षांपूर्वीचे. एकच रोबो कंपनी पुन्हा पुन्हा काढायची आणि प्रत्येक खेपेला काहीतरी बारीक बदलायची. कधी छातीवरचं चिन्ह रंगवलेलं असे, पुढच्या खेपेला त्याच जागी स्टिकर येई. कधी तळपायाला चाकं बसत. कधी पाठीवरचे स्क्रू बदलत, मुठीची निळाई फिकी होई. पहिल्या खेपेचा नग सहसा सापडत नाही, शेवटच्या खेपेचे ढिगाने मिळतात. त्यात नकली मुठी करून विकणारे आहेत, दोन मोडक्यांतून एक धड बनवणारे आहेत. हातातला नग कुठल्या खेपेचा आणि किती खरा, हे ओळखणं हाच या नादाचा प्राण. युनूस त्यात तयार होता, नाही म्हणून चालणार नाही. मला त्यानेच शिकवलं. “आधी वजन, मग तळवा, मग पाठ. चेहरा लास्टला बघायचा गड्या. चेहऱ्याला भुललास की बसलास.”

पण लोकांचे नग खोटे ठरवताना त्याला जी मजा यायची ती मला कधीच रुचली नाही. माणसं आपापले नग घेऊन आशेने यायची. कऱ्हाडचे एक निवृत्त अधिकारी एकदा बायको-नातवंडांना घेऊन आले होते, लहानपणीचा रोबो दाखवायला. युनूसने तो हातात घेतला, उलटा केला आणि नातवंडांकडे बघत म्हणाला, “आजोबांनी खिचडी आणली हाय रं. धड एकाचं, हात दुसऱ्याचं.” ते गृहस्थ कसंनुसं हसले. खाली उतरताना त्यांनी रोबो पिशवीत टाकला तो आदळलाच. मी युनूसला म्हणालो, हे हळू सांगता आलं नसतं का? तर म्हणतो, “खरं सांगायला कसली लाज?” मला वाटायचं, माणूस तोंडाचा फटकळ आहे, पण निदान खरं तरी बोलतो. एवढ्याच एका गोष्टीवर आमची मैत्री उभी होती.

आता कडेगावचं सांगतो. तिथे माझी शालनआत्या राहायची. घरचा ऊस, खाऊनपिऊन सुखी, पण तिचा एकुलता एक मुलगा बाळू शाळकरी वयातच काविळीने गेला. मामांनी माझ्यासाठी रोबो आणला त्याच्या आधीच्या फेरीत बाळूसाठीही एक आणला होता. आत्याने तो लोखंडी कपाटात, लुगड्यांच्या मध्ये मऊ फडक्यात गुंडाळून ठेवला होता. दिवाळीला मी गेलो की ती तो काढून दाखवायची, पदराने पुसायची आणि परत ठेवायची. एकदा मी तो उलटासुलटा करून जरा बारकाईने बघितला. छातीवरचं चिन्ह रंगवलेलं होतं. तळव्याला चाकं नव्हती. म्हणजे पहिल्या खेपेचा. सांगलीला गेल्यावर मी हे युनूसला सांगितलं. तो संत्रं सोलत होता, त्याची बोटं थांबली. “स्टिकर न्हाई? नख लावून बघितलंस?” मी म्हटलं, बघितलं, पण तो विषय सोड, ते बाळूचं आहे. तो म्हणाला, “मी कुठं काय म्हणलो?” आणि संत्र्याची फोड माझ्या हातावर ठेवली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मुलीच्या बाळंतपणासाठी मी आणि बायको नाशिकला जाऊन राहिलो. परत आल्यावर कडेगावला पेढे द्यायला गेलो, तर आत्या हरखलेली. “तुझा दोस्त यिऊन गेला की रं. लय गुणाचा माणूस! तुझं नाव सांगितलं, मग म्या रोबो दाखवला. म्हणला, आत्या, ह्यो साधाच हाय, शेवटच्या खेपंचा, ह्येला बाजारात कोण इचारत न्हाई. पर आमच्या गल्लीत एक बिनआईबापाचं पोरगं हाय, कवातरी त्येला असलं खेळणं बघाय मिळंल का? मग म्या म्हणलं, न्या. एवढी वर्सं कपाटात पडून काय उपेग? बाळूचं खेळणं कुणाच्या तरी हातात खेळू द्या...” बोलता बोलता तिने डोळे पुसले, पण ते रडणं समाधानाचं होतं. माझ्या हातातला पेढ्यांचा पुडा मी तसाच धरून बसलो होतो.

दुसऱ्याच दिवशी सांगली गाठली. दुकानात गिऱ्हाईक होतं. मी विचारलं, आत्याचा रोबो कुठं आहे? त्याने तराजूवरची नजरही काढली नाही. “जपानला गेला परत. ज्याला कदर हाय त्याच्याकडं.” म्हणजे त्याला पहिल्याच नजरेत कळलं होतं, आणि कळूनच तो साधा म्हणाला होता. मी म्हटलं, आणि ते बिनआईबापाचं पोर? तेव्हा त्याने मान वर केली आणि हसला. ते हसू मी विसरलेलो नाही. “आवं साहेब, म्हातारी खूश हाय का न्हाई? मग? कपाटात कुजत पडला हुता त्यो. तुला दोन सालं माहीत हुतं, तू काय केलंस?” मी त्याची कॉलर धरली. संत्र्यांची रास ढासळली, लोक मध्ये पडले. वरून भाभी धावत आल्या, त्यांना काहीच कळेना. मी कॉलर सोडली आणि त्याला सांगितलं, तू चोर आहेस. तो शर्ट नीट करत म्हणाला, “चोर कुलूप तोडतो. मला तर हातानं दिला.”

त्यानंतर आम्ही कधी बोललो नाही. तो मात्र गप्प बसला नाही. काही महिन्यांनी मी ग्रुपवर माझ्या लहानपणच्या रोबोचा फोटो टाकला, तर पहिला शेरा त्याचा, उजवी मूठ नकली आहे. त्या मुठीवर माझ्या दातांचे व्रण आहेत, मी ती लहानपणी चावली आहे आणि आईचा मार खाल्ला आहे. पण चाचा म्हणाले म्हणजे झालं. कुणी तपासलंसुद्धा नाही. लोकांना एवढंच दिसत होतं की, हा माणूस कडू बोलतो, म्हणजे खरंच बोलत असणार. कडूपणाचा त्याला असा फायदा झाला. त्याची कीर्ती वाढत गेली, लांबलांबून माणसं नग दाखवायला येत राहिली, आणि त्यांतल्या किती जणांना त्याने साधा म्हणून सांगितलं असेल, हे मला ठाऊक नाही.

आत्याला मी खरं सांगू शकलो नाही. दर दिवाळीला ती विचारायची, “ते पोरगं खेळतंय का रं? मोडला न्हाई ना त्येनं?” मी म्हणायचो, खेळतंय, जपून खेळतंय. मग तिला पुढचं हवं असायचं. शाळेत जातंय का, कितवीला आहे, त्याला फराळाचं पाठवू का? एका वर्षी तिने खरोखरच लाडूंचा डबा भरून दिला. तो डबा घेऊन मी एस.टी.त बसलो आणि मला युनूसचा राग नव्याने उफाळून आला. तो एकदाच खोटं बोलून मोकळा झाला होता. त्या खोट्याला जेवूखाऊ घालून वाढवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. आत्या गेली तेव्हा तिच्या मते ते पोर कॉलेजला होतं.

युनूसला जाऊन महिना उलटून गेल्यावर भाभींचा फोन आला. “विलासभाऊ, चाळीसावा झाला. आता कपाट बघाय लोक याय लागल्यात. कोण काय बोलतंय, कोण काय. मला त्यातलं काय कळतंय? तुमी येता का?” मी विचारलं, मलाच का? त्या म्हणाल्या, “दवाखान्यात असताना त्येनीच सांगितलंतं. म्हणले, कुणाला बोलवू नको, इलासला बोलीव. त्यो माझं तोंड बघणार न्हाई, पर तुला खोटं सांगणार न्हाई.” हे ऐकून दुसऱ्या कुणाचं मन विरघळलं असतं. माझं डोकं तापलं. माझ्या आत्याला फसवणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोसाठी मात्र खरं बोलणारा माणूस हवा होता, आणि तो कुठे मिळेल हेही त्याला पक्कं माहीत होतं. तरी मी गेलो. भाभींचा काय दोष?

माडीवर कपाट तसंच होतं. खिडकीशी त्याची लाकडी खुर्ची होती, बसून बसून तिच्या बैठकीला खळगा पडलेला. भाभी एकेक रोबो काढून देत होत्या, मी बघून सांगत होतो. हा पहिल्या खेपेचा, जपून ठेवा. याची छाती बदललेली आहे. हा खरा, पण साधा. भाभींच्या आवाजाला हळूहळू बळ येत होतं. मध्येच एक रोबो पुसता पुसता म्हणाल्या, “कोण कायबी म्हणू दे, दिलदार हुते. तुमच्या आत्याचा रोबो न्हाई का? त्या बिनआईबापाच्या पोराला दिला. मयताला जी माणसं आली, त्यातल्या समद्यास्नी मी त्येच सांगितलं...”

मी हातातला रोबो खाली ठेवला. इतकी वर्षं आत्यापुढे मी ते खोटं सांभाळलं होतं, आता त्याच्याच घरात बसून त्याला होकार देणं मला जमणार नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं. रोबो कुठे गेला ते, पोर कुठलंच नव्हतं ते, दुकानात मी कॉलर का धरली ते, लाडूंचा डबा. त्या ऐकत राहिल्या. मध्ये एकदाच म्हणाल्या, “म्हंजी मलाबी खोटंच...” सांगितल्याचा मला पश्चात्ताप नाही. आनंदही झाला नाही. खाली दुकानात त्यांचा मुलगा कुणाशी तरी संत्र्यांच्या भावावरून वाद घालत होता, तेवढाच आवाज वर येत होता.

मग भाभी उठल्या. फडक्याने ती खुर्ची पुसली आणि माझ्याकडे सरकवली. “ह्येच्यावर कुणाला बसू देत नव्हते. बसा तुमी. अजून खालचं दोन कप्पं ऱ्हायल्यात.”

मी बसलो नाही. उभ्यानेच हात पुढे केला, आणि त्यांनी पुढचा रोबो माझ्या हातात दिला.