चिमणीकडे बघणारे आप्पा

आमच्या बमरोलीच्या चाळीतल्या आप्पांच्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांना बारा महिने पट्ट्या असत. ठेच लागणारच, कारण हा माणूस रस्ता बघून चालतच नसे. मान वर, नजर चिमण्यांवर. कापड रंगवणाऱ्या एका मिलमध्ये ते बॉयलर सांभाळायचे, पण झाडाझडती सगळ्या गावाच्या चिमण्यांची घ्यायचे. माझी आई म्हणायची, "आप्पा, एक दिवस गटारात पडाल." आप्पा म्हणायचे, "पडसू. पन कोना धूर काया शे, ते देखीसन पडसू!"

धूर काळा म्हणजे आगीला हवा कमी, पांढरा म्हणजे हवा जास्त, आणि जेमतेम भुरका दिसला की स्वयंपाक जमला. हे मला त्यांनी गच्चीवर शिकवलं, मी शाळेत असताना. "धूर म्हंजे वाया गया कोयसा, पोरी." कोळशाविषयी ते घरातल्या वडीलधाऱ्याविषयी बोलावं तसं बोलायचे. "कोयसा म्हंजे जुनं झाड. धरतीनी झाकी ठेयेल व्हतं, आपण उघडं करं." म्हणून एक फावडंसुद्धा फुकट जाता कामा नये, हा त्यांचा धर्म. धुतलेली पांढरी टोपी ते मुद्दाम मिलच्या बाजूच्या दोरीवर वाळत घालत. टोपीवर काजळी दिसली की त्या दिवशी जेवण गोड लागत नसे.

मी पुढे पालिकेच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवू लागले आणि शहाणपणा करायला गेले. म्हटलं, "आप्पा, धूर नसला तरी कोळशातला कार्बन वर जातोच. वायू होऊन. तो दिसत नाही. झाडं थोडा परत घेतात, थोडा समुद्र घेतो, पण आपण काढतोय फार भराभर." आप्पा म्हणाले, "दिखस नही, तरी शे? म्हंजे मी बी धाडा तो वर!" दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते थेट म्हणाले, "मंग निदान काया तरी जाऊ द्यावाना नही." मला स्वतःचीच लाज वाटली. माझ्यासाठी तो पुस्तकातला धडा होता, त्यांच्यासाठी अख्ख्या आयुष्याचा हिशेब होता.

तोच हिशेब दसऱ्याच्या दिवशी चुकता करायची वेळ आली. मिलमध्ये दसऱ्याला बॉयलरची पूजा असते. भट्टीच्या दाराला कुंकू, वर झेंडूचा हार. शेठनी नारळ फोडला आणि आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून लाडात गुजरातीत म्हणाले, "आप्पा, हवे चिंदी नाखो ने. कोलसो मोंघो छे." कोळसा महागलाय, भट्टीत आता चिंदी टाका, असं. चिंदी म्हणजे साड्यांचे कातरलेले तुकडे, बहुतेक पॉलिएस्टर. स्वस्तात मिळतात, भडाभडा जळतात, आणि त्यांचा धूर श्वासात गेला की घसा सोलून निघतो. त्या मिलच्या भिंतीला लागूनच आमची चाळ.

आप्पा सगळ्यांसमोर मोडक्या हिंदीत म्हणाले, "शेठ, जिस मुंह को अभी कुंकू लगाया, उस में मैं चिंदी नहीं डालूंगा. भट्टी को जो खिलाओगे, वही वो ओकेगी. और ओकेगी वो मेरी चाळ पर."

शेठ चिडले नाहीत. ते जास्त हुशार होते. म्हणाले, काम दुसरा करेल, तुम्ही घरी बसा, पगार चालू राहील. भिंतीवरचं तुमचं सर्टिफिकेट तेवढं तिथेच राहू द्या. बॉयलर चालवायला सर्टिफिकेटवाला माणूस लागतो, आणि आमच्या भागात कित्येकांचं नुसतं नावच नोकरी करतं. घरबसल्या पगार! दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. आप्पांनी स्टुलावर चढून ती फ्रेम काढली, धोतराच्या सोग्यानं काच पुसली, काखेत मारली आणि ते चालू लागले. त्या संध्याकाळी मिलला बॉयलर थंड करावा लागला. दुसरा सर्टिफिकेटवाला मिळेपर्यंत बमरोलीच्या दोऱ्यांवरचे कपडे पांढरे राहिले.

नंतर चिंदी जळलीच. खोटं कशाला सांगू? आप्पा कडोदऱ्याला निम्म्या पगारावर दुसऱ्या बॉयलरवर गेले, आणि सुट्टीच्या दिवशी गच्चीवर उभं राहून जुन्या मिलच्या चिमणीला शिव्या घालत राहिले. अखेर खोकल्यानं त्यांना धरलं. दवाखान्यात मला जवळ बोलावून म्हणाले, "माले लाकडं नका लावज्यात. गॅसवर न्या. लाकडं भाकरीसाठे ठेवा."

आप्पा गेल्यावर गावाहून आलेला त्यांचा धाकटा भाऊ ऐकेना. लाकडाशिवाय गती नाही, आणि बाईमाणसानं यात बोलू नये, असं त्याचं म्हणणं. मी बोलले. चांगली मोठ्यानं बोलले. ती फ्रेम त्याच्या पुढ्यात धरून म्हटलं, "आग कशी लावायची, हे आता तुम्ही आप्पांना शिकवणार?" शेवटी आप्पांना गॅसवरच नेलं.

स्मशानात मी शेवटपर्यंत थांबले. गॅसदाहिनीचं दार बंद झालं तशी बाहेर अंगणात येऊन चिमणीकडे बघत राहिले. धूर नव्हता. काळा नाही, पांढरा नाही, भुरकासुद्धा नाही. वर फक्त हवा हलत होती. आप्पा दिसत नाहीत, तरी आहेत, एवढं मला पुरतं ठाऊक होतं.

तशीच मान वर करून निघाले आणि फाटकाच्या दगडाला सणसणीत ठेच लागली. अंगठा फुटला. आप्पांचा भाऊ म्हणाला, "ताई, खाली बघून चाला." म्हटलं, "नाही चालणार."