तेच तेच शब्द

शुद्धलेखन आणि अक्षर दोन्ही कच्चं आहे, सांभाळून घ्यावं. आज पिठाची नवी पिशवी उघडली आणि त्या वासाने मी लंडनमधल्या ईलिंगच्या जुन्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले.

मी कणीक मळत होते. नात रेवा टेबलावर ताल धरून कॉलेजातलं ग्रीक महाकाव्य म्हणत होती. अर्थ कळत नव्हता, पण काही शब्द फिरून फिरून येत होते.

“तेच तेच काय गं म्हणतेस?” मी हसले.

“आजी, ते गाणारे लिहायचे नाहीत ना! तयार शब्द म्हणेपर्यंत पुढचा ओळ सुचतो,” ती तिच्या लंडनच्या मराठीत म्हणाली.

माझे हात थांबले. जात्यावर आईच्या प्रत्येक ओवीत ‘सोन्याचा भाऊराया’ यायचा. चौथी पास झाल्याच्या तोऱ्यात मी तिलाही हेच विचारलं होतं. त्यानंतर ती माझ्यासमोर कधी गायली नाही.

आता कणीक मळताना मी ‘सोन्याचा भाऊराया’ म्हणते आणि थांबते. पुढची ओळ आईजवळच राहिली.