पांढरी चकती, पिवळी चकती

नवरा दुसऱ्या बाईच्या प्रेमात पडला, तर निदान चार माणसं बायकोची बाजू घेतात. आमचे हे तिच्या द्वेषात पडले. आता ही तक्रार घेऊन मी कुणाच्या दारात जाऊ?

हे बॅटऱ्यांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहेत. बॅटरीच्या आतला पातळ पदार्थ काढून ती सगळीच घट्ट बनवायची, म्हणजे गळणार नाही, पेटणार नाही, असं तिथलं संशोधन. त्या पातळ पदार्थाच्या जागी ह्यांची पूड, पांढरी. ती यंत्रात दाबून नखाएवढी चकती करायची आणि तिच्यावर बॅटरी उभी करायची. उमेदीची सगळी वर्षं ह्यांनी त्या पुडीत घातली. मी आणि सासूबाई उरल्यासुरल्या वेळात.

मग ती आली. तिची पूड पिवळी. ह्यांनी तिचं नाव कधी घेतलं नाही. घरात ती ‘शहाणी’. शहाणी काम करताना गुणगुणते. शहाणी डबा खाताना वाचते. पहिल्या घासाला शहाणी, शेवटच्या घासाला शहाणी. एकदा मी केस कापून समोर बसले, तर म्हणाले, शहाणी आज केस मोकळे सोडून आली होती, पुडीत पडले म्हणजे? माझ्या अंगाचा अगदी तिळपापड झाला. सासूबाई म्हणाल्या, अगं, तो तिला शिव्याच घालतोय ना! म्हटलं, मला शिव्या घालायला तरी त्यांना वेळ कुठे आहे?

त्यात साहेबांनी ठरवलं की एकच पूड पुढे न्यायची. दोघांची एकेक बॅटरी यंत्राला जोडायची. यंत्र ती भरत राहणार, रिकामी करत राहणार. जिची बॅटरी आधी मान टाकेल, ती पूड बंद आणि तिचं माणूस दुसऱ्याच्या हाताखाली. जोडणी ह्यांनीच केली. शहाणीला हात लावू दिला नाही. म्हणे, ती चिमटे वाकडे लावते. दोन्ही बॅटऱ्या बाहेरून सारख्या, तरी खूणसुद्धा केली नाही. माझी मी डोळे मिटून ओळखीन, म्हणाले.

तेव्हापासून ह्यांच्या फोनवर दोन रेषा, कुठल्या बॅटरीत किती जीव उरलाय ते दाखवणाऱ्या. वरची ह्यांची, खालची तिची. सकाळी डोळे उघडले की वरची रेषा बघून गालातल्या गालात हसायचे. माझ्याकडे बघून असे कधी हसल्याचं मला आठवत नाही. लाज सोडून सांगते, मला त्या रेषेचाही हेवा वाटायचा.

गेल्या आठवड्यात खालची रेषा कोसळली. साहेबांनी पाठ थोपटली, शहाणीनेही म्हणे हसून अभिनंदन केलं. हे शीळ घालत घरी आले. मीही मनातून खूश. बाई आमच्या जेवणाच्या टेबलावरून उठली एकदाची.

दुसऱ्या दिवशी मात्र बूट न काढताच खुर्चीत बसले. चेहरा पार उतरलेला. मी पाणी दिलं, तेव्हा हळूहळू बोलायला लागले. बॅटरी कशानं मेली ते बघायला ह्यांनी ती एकट्यानेच उघडली होती. आत तडकलेली चकती निघाली. पांढरी. जोडतानाच बॅटऱ्यांची अदलाबदल झाली होती, आणि तीही ह्यांच्याच हातून. इतके महिने ज्या रेषेला गोंजारत होते, ती शहाणीची.

“कुणी पाहिलं?” मी विचारलं.

“कुणीच नाही.”

झाकली मूठ सव्वा लाखाची. चकती कचऱ्यात टाकायची, शहाणी हाताखाली जाईल, आणि आमच्या घराला घराची कळा येईल. हे सगळं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

“तिला बोलावून दाखवली,” हे म्हणाले. “म्हटलं, माझं चुकलं. मग साहेबांना सांगून आलो.”

हा माणूस रस्ता चुकून भलत्याच गावाला पोचला, तरी गावच चुकीच्या जागी आहे म्हणणारा. ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द ह्यांच्या तोंडून ऐकायला मी लग्नापासून कान लावून बसले होते. ते शेवटी निघाले, आणि तिला मिळाले.

आम्ही जेवायला बसलो. सासूबाईंनी इकडचं तिकडचं काढलं. ह्यांनी शहाणीचा विषयसुद्धा काढला नाही, आणि मला घास गिळवेना.