लॅबमामांची खिडकी

बोट दाखवून मागणाऱ्याला लॅबमामांनी कधी काचेचं सामान दिलं नाही. यवतमाळच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला लागून एक स्टोअर होतं. त्याला हातभर रुंदीची खिडकी होती आणि तिच्यापलीकडे परिचर म्हणून मामा बसायचे. जे पाहिजे ते इंग्रजी नावानं मागायचं, तेही पूर्ण वाक्यात, असा त्यांचा नियम होता. ‘ते द्या’ म्हणणाऱ्याकडे ते ऐकूच न आल्यासारखे बघत राहायचे. मग म्हणायचे, “बोट तं लायने लेकरंबी दाखवते. नाव सांग, मंग भेटन.”

मी महागाव तालुक्यातल्या एका खेड्यातून अकरावी सायन्सला आलो होतो. शाळेत आमचे सगळे प्रयोग फळ्यावर खडूने झाले होते. पहिल्या प्रॅक्टिकलला मला जे हवं होतं ते खाली पसरट आणि वर निमुळतं असतं, एवढंच ठाऊक होतं. मामांनी मला तीनदा रांगेच्या शेवटी पाठवलं. चौथ्यांदा खिडकीतून पुढे वाकून हळूच म्हणाले, “कोनिकल फ्लास्क. म्हण आता.”

मी म्हणालो, “प्लीज गिव्ह मी वन कोनिकल फ्लास्क.” कुणा माणसाशी मी बोललेलं ते पहिलं इंग्रजी वाक्य. मामांनी फ्लास्क दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. “पाह्य, कुठी दुखलं काय?”

मामा स्वतः सातवी शिकलेले. लोहाऱ्याहून सायकलने यायचे. नवीन सामान पेंढ्यात गुंडाळून लाकडी खोक्यांतून आलं, की एकेक नग बाहेर काढून विभागातल्या जुन्या सरांना नाव विचारायचे आणि खिशातल्या वहीत ते मराठी अक्षरांत लिहायचे. नावाबरोबर त्या वस्तूचा स्वभावही त्यांच्याकडून कळायचा. “बीकरवर रेघा लय, पन भरोसा कमी. हा व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क पाह्य. लांब मान, अन् मानंवर एकच रेघ. याले एकच गोष्ट येते, पन पक्की येते.” ब्युरेटची लांब नळी धुतली की उजेडाकडे धरायचे. आतून एक थेंब जरी काचेला चिकटून राहिला, तरी पुन्हा धुवायचे. कुणी चुकून या सामानाला भांडी म्हटलं, की त्यांना लागायचं. “भांडे घरी रायते. हे अपरेटस होय.”

एमएस्सी करून मी त्याच प्रयोगशाळेत शिकवायला लागलो, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मामांना झाला. मुलांसमोर मला ‘सर’ म्हणायचे आणि स्टोअरमध्ये दोघंच असलो की, “बस रे, चहा घे. प्राध्यापक झाला तं का उभ्यानं पेशीन?” मला ते फार आवडायचं. कॉलेजातल्या इतर कुणाकडे बसून मी इतका निवांत चहा प्यालो नाही.

त्याच वर्षी बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा होती आणि बाहेरगावचे परीक्षक आले होते. तोंडी परीक्षेत त्यांनी एका मुलीपुढे व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क ठेवला आणि नाव विचारलं. तिने खिडकीकडे पाहिलं. मामांनी काही सांगितलं नाही, पण त्यांनी बोटाने आपल्या गळ्यावर एक आडवी रेघ ओढली. मुलीने लगेच नाव सांगितलं. परीक्षकांनी मागे वळून पाहिलं आणि मला विचारलं, “तुमच्याकडे शिकवायला शिपाई ठेवलेत का?”

दोघं-तिघं हसले. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “मामा, तुम्ही भांडी धुवा. शिकवणं तुमचं काम नाही.”

चूक त्यांची होती, हे मी आजही नाकारत नाही. परीक्षेत खूण करायला नको होती. पण ते मी त्यांना संध्याकाळी स्टोअरमध्ये बसून सांगू शकलो असतो. तो शब्द मी ठरवून वापरला. कुठला शब्द त्यांना लागेल हे त्या खोलीत फक्त मलाच माहीत होतं.

पुढच्या प्रॅक्टिकलला मी गेलो, तर सगळं सामान आधीच टेबलांवर मांडून ठेवलेलं होतं. खिडकी बंद. कुणाला काही मागावंच लागलं नाही. मुलं खूश झाली, विभागप्रमुखांनी शिस्तीबद्दल माझं कौतुक केलं. मुलं ‘ते लांबवालं दे’, ‘ते नळीवालं दे’ म्हणत एकमेकांत काम करू लागली. मामा वेळेवर यायचे, धुवायचे, पुसायचे, मांडायचे. मी चहाला बोलावलं की “झाला सर माहा” म्हणायचे. असं आठ वर्षं चाललं. रोज मी ठरवायचो, आज बोलू. मामा निवृत्त झाले, तेव्हा निरोप समारंभात भाषण मलाच करायचं होतं. मी त्यांच्या वक्तशीरपणाबद्दल बोललो. त्यांनी शाल-श्रीफळ घेतलं, हात जोडले आणि बसले.

यंदा उन्हाळ्यात ते वारल्याचं आठ दिवसांनी कळलं. मी लोहाऱ्याला गेलो. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी त्यांचा फोटो लावला होता, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, मोठा करून घेतलेला. त्यांच्या नातीने चहा आणला. ती लॅब टेक्निशियनचा कोर्स करते. मी म्हणालो, “मग तुला सगळी नावं आजोबांनी पाठ करून दिली असतील. पिपेट, ब्युरेट…”

“नाही जी, म्या मोबाइलवर पाह्यली. लय तरास झाला पाठ कराले.” मग थांबून म्हणाली, “आबाले कुठी माईत होती?”

त्यांच्या घरात, ज्या पोरीला त्या नावांची खरी गरज होती तिला, त्यांनी एकही नाव सांगितलं नव्हतं. मी कप खाली ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. रांग, खिडकी, माझं पहिलं वाक्य. मग परीक्षेचा तो दिवस, आणि मी काय बोललो ते, शब्दाला शब्द.

तिने शेवटी विचारलं, “हे आबाले सांगतलं होतं काय तुमी कधी?”

मी नाही म्हणालो.

चहा तसाच राहिला होता. तिने कप उचलला आणि ती आत गेली.