दादा टीव्हीवर दिसणार होता

त्या डब्यानं मला जेवढं रडवलं, तेवढं दहावीच्या गणितानंही रडवलं नव्हतं. दादा नोकरीसाठी अमेरिकेत गेला आणि वर्षभरानं त्यानं एका मित्राच्या हाती व्हिडिओ गेमचा डबा मलकापूरला पाठवला. साधासुधा नव्हे, टेलिफोनची वायर लावायचा. तसाच दुसरा त्याच्याकडे होता. त्यानं तिकडून आणि मी इकडून एकाच शर्यतीत गाड्या पळवायच्या, असा त्याचा बेत होता.

तो घरी असताना आम्ही स्वस्तातल्या टीव्ही गेमवर तासन्‌तास भांडत खेळायचो. तो गेल्यावर उरला रविवारचा सकाळी आठचा फोन, आणि तो फोन आईचा असायचा. काय खाल्लं, काय शिजवलं, थंडी किती, हे सगळं तिचं विचारून झालं की शेवटच्या अर्ध्या मिनिटाला रिसीव्हर माझ्या हाती यायचा. "अभ्यास करून राह्यली ना?" "हो." खेळ खलास. मला माझा भाऊ एकदा तरी तासभर फक्त माझ्यासाठी हवा होता. म्हणून तर मी त्या डब्याचे एवढे नखरे सोसले.

नखरे म्हणजे किती! आधी कळलं की त्याला तिकडचीच वीज लागते, आपली लावली तर जळेल. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी ट्रान्सफॉर्मर करून दिला. तो इतका तापायचा की आई म्हणाली, "पापड भाजून घेऊ का याच्यावर?" मग चित्र आलं, तर काळं-पांढरं. आमचा टीव्ही रंगीत होता, डबा रंगीत होता, पण दोघांचं एकमेकांशी जमेना. ते सोडून दिलं. मग डबा म्हणू लागला की फोनला डायल टोनच नाही. मी रिसीव्हर कानाला लावून ऐकत होते, टोन धडधडीत वाजत होता! त्याला म्हणे तिकडचाच टोन कळायचा. सायबर कॅफेत जाऊन दादाला ईमेल करायचा, दोन दिवसांनी उत्तर वाचायचं, एक बटण बदलायचं, पुन्हा नवीन रडगाणं. दोन महिने असे गेले.

आणि सगळं जमलं तेव्हा गल्ली आडवी आली. गल्लीत फोन फक्त आमच्याकडे, म्हणून आमचा नंबर सात घरांचा पीपी नंबर होता. लग्नपत्रिकेवर आमचा नंबर, पोरांच्या नोकरीच्या अर्जावर आमचा नंबर. इंटरनेट जेमतेम लागायचं, तेवढ्यात शेजारच्या काकू हक्कानं आत येऊन रिसीव्हर उचलायच्या आणि "अवो, हा तर नुसता किरकिरून राह्यला," म्हणून माझ्याकडेच तक्रार करायच्या. लाइन तुटलेली असायची. दात-ओठ खाण्यापलीकडे मी काय करणार?

शेवटी दादाशी एक रविवार ठरला. तो आठला फोन करणार नव्हता, शर्यतीतच भेटणार होता. "जमलं नाही तर लाइन मोकळी ठेव, मी फोन करतो," असं त्यानं लिहिलं होतं. नऊला आमच्याकडे लोडशेडिंग सुरू व्हायचं, म्हणजे हातात एकच तास. मी सातही घरी जाऊन सांगून आले की आठ ते नऊ कोणी फोनला येऊ नका, मी दादाशी टीव्हीवर खेळणार आहे. गल्लीनं त्यातलं 'दादा' आणि 'टीव्हीवर' एवढंच घेतलं.

आईनंही. तिनं विचारलं, "दिसन का तो?"

दोन महिने सगळ्यांना समजावून माझा जीव मेटाकुटीला आला होता. शिवाय खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग त्यापरीस फोनच बरा. मी म्हटलं, "हो, दिसन."

रविवारी आई ठेवणीतली साडी नेसून टीव्हीसमोर खुर्चीत बसली. फोनला न आलेल्या चार काकू बघायला मात्र आल्या. आठला सुरुवात केली, ते साडेआठला चौथ्या खेपेला एकदाचं लागलं. पडद्यावर नावांची यादी आली आणि तिच्यात दादाचं नाव! मी किंचाळलेच. शर्यतीचा रस्ता उघडला. माझ्या गाडीशेजारी एक पांढरी गाडी येऊन उभी राहिली.

"कुठी हाय?" आईनं विचारलं.

"ती पांढरी गाडी."

"अन् तो?"

"आत आहे."

काकूंनी एकमेकींकडे पाहिलं. आई पुढं वाकून गाडीकडे बघत राहिली. माझी गाडी सुटली, पांढरी जागची हलेना. मग ती एकदम भिंतीत दिसली, मग परत मागे. "काऊन असा करून राह्यला तो?" आई घाबरून म्हणाली. लाइन स्लो आहे, असं मी ओरडले. गाडी पुन्हा गप्प उभी राहिली. तेव्हा आई पदर सावरून पडद्याला म्हणाली, "जेवला का रे बापा?"

तेवढ्यात लाइन तुटली.

नऊला वीस मिनिटं होती. लाइन मोकळी ठेवायची, हे मला पाठ होतं. आई उठून फोनजवळ जाऊन बसलीही होती. पण दोन महिन्यांनी पहिल्यांदा मला त्याची गाडी दिसली होती, आणि राग डोक्यात गेला होता. मी डब्यावरूनच पुन्हा डायल केलं. मग पुन्हा. फोनशी बसलेल्या आईसमोर मी वीस मिनिटं तिचाच फोन अडवून धरला. नऊला लाइट गेली, काकू गेल्या. डबा बंद, फोन मोकळा, पण फोन आला नाही.

पुढच्या रविवारी बरोबर आठला घंटी वाजली. आईआधी मीच धावले. दादा वैतागलेला होता. "वीस मिनिटं लावून राह्यलो मी. एंगेज, एंगेज! मले आईशी बोलायचं होतं."

मी रिसीव्हर आईला दिला. आता ती सांगणार, पोरीनं फोन अडवला म्हणून, याची वाट बघत मी तिथंच उभी राहिले.

"हाव," आई म्हणाली, "मांगच्या रविवारी दिसला होता ना तू. बोलला नाही फक्त."